‘रोमन नाइट’ पॅकेज: खांब सोडा, कलाकार घ्या (सांगलीतल्या एका रिसेप्शनचा रिव्ह्यू)

आधी निकाल सांगून टाकते, लग्नसराई आहे, सगळ्यांनाच घाई असते. डेकोरेशन ५ पैकी २, जेवण ५ पैकी ३, कलाकार मंडळी ५ पैकी साडेचार, आणि त्या कलाकारांना जसं वागवलं गेलं त्याला शून्य. शून्याखाली काही देता येत असतं तर तेही दिलं असतं.

कंपनीचं नाव लिहिणार नाही. विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत थीमवाले इव्हेंट करणारे आता बरेच झालेत आणि ‘रोमन नाइट’ थोड्याफार फरकानं सगळीकडं तेच ते असतं, व्हॉट्सॲपवर येणारे फोटोसुद्धा एकमेकांचेच ढापलेले, त्यामुळं हा रिव्ह्यू त्या पॅकेजचाच समजा.

तर माझ्या भाच्याचं रिसेप्शन. मी आत्या, म्हणजे मानपानातही पुढं आणि कटकटीतही पुढं, कारण इव्हेंटवाल्याशी बोलायचं काम दादानं माझ्या गळ्यात घातलं. नवरी तासगावची, द्राक्षबागायतदाराची लेक. पोरगा पुण्यात आयटीत, कंपनीनं एकदा इटलीला पाठवलं, कोलोसियमसमोर फोटो काढून आला आणि तेव्हापासून डोक्यात जे रोमन शिरलं ते काही केल्या निघेना. वहिनी म्हणत होत्या पेशवाई करा, फेटे-नऊवारी घरातच आहेत, खर्च वाचेल. ऐकतोय कोण! बरं, मला रोमन लोकांच्या सणासमारंभांबद्दल मिळेल ते वाचायची जुनी खोड आहे, त्यामुळं पॅकेजचा कागद आल्यावर मी तो पेन घेऊनच वाचायला बसले, आणि मॅनेजर पोराला तिथंच घाम फुटला.

डेकोरेशनचं पटकन उरकते. थर्माकोलचे खांब, पांढरेफटक, वर पीओपीची नक्षी, संध्याकाळी वारं सुटल्यावर त्यातला एक डुलायला लागला म्हणून त्याला मागून बांबू बांधला. पुतळेही पांढरे. खरे रोमन पुतळे रंगवलेले असायचे, डोळे, ओठ, कपड्यांचे काठ सगळं रंगीत, आपल्याला ते पांढरे वाटतात कारण मधल्या शतकांत रंग उडून गेले. वेटर लोकांना टोगा म्हणून सॅटिनच्या चादरी गुंडाळलेल्या. अरे बाबांनो टोगा हा नागरिकाचा मानाचा पोशाख, वाढप्या गुलामाच्या अंगावर तो कुठला, आणि खुद्द रोमन माणूससुद्धा जेवायला बसताना तो जड लोकरीचा व्याप बाजूला ठेवून हलके कपडे घालायचा. आमचा वेटर एका हातात ट्रे धरून दुसऱ्या हातानं चादर सावरत होता, आणि मॉकटेल दोघांच्याही अंगावर.

आणि कमानीवर द्राक्षांचे घड. प्लास्टिकचे. फेब्रुवारी महिना, तासगावात बागा भरून आलेल्या, आणि व्याह्यांच्या स्वागताला प्लास्टिकची द्राक्षं! व्याही आत येताना थांबले, एक घड हातात घेतला, अंगठ्यानं मणी दाबून बघितला, देठ बघितलं, आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं मॅनेजरला द्राक्षाची जात विचारली, “थॉमसन का सोनाका?” तो पोरगा म्हणाला, “काका, ऑनलाइन मागवलीत.” दादाला कुठं तोंड लपवू असं झालं. दोन मार्क दिलेत ते दिव्यांसाठी, तेलाच्या पणत्या खऱ्या होत्या आणि लॉनवर छान दिसत होत्या.

आता मुद्द्याचं. पॅकेजमध्ये करमणुकीचा भाग असा होता: एंट्रीला ब्रास बँड, मग ‘इजिप्शियन’ बेली डान्स, मग सतार-बासरी फ्यूजन, मग ग्लॅडिएटर फाइट, मग मुखवटा घातलेल्या एकाचं मूकनाट्य. आमच्या कॉलनीतले एक निवृत्त सर ते पत्रक वाचून म्हणाले, “ह्यात रोमन काय आहे हो? बँड मिरजेचा, सतार मिरजेची, पोरी पुण्याच्या आणि नाच अरबस्तानचा. ही तर भेळ झाली.” मी म्हटलं सर, अख्ख्या पॅकेजमध्ये ही भेळ तेवढी रोमन आहे, बाकीचं सगळं थर्माकोल.

खरंच सांगते. सम्राट डोमिशियननं एका डिसेंबरात मोठ्या ॲम्फिथिएटरमध्ये सगळ्या शहराला फुकट जेवण घातलं होतं, स्टेशियस नावाच्या कवीनं ते डोळ्यांसमोर उभं राहील असं लिहून ठेवलंय. सकाळी वरून सुकामेवा, खजूर, अंजिरांचा पाऊस पाडला, मग श्रीमंत-गरीब एकत्र जेवले, आणि अंधार पडायच्या सुमाराला करमणूक सुरू झाली. कोण कोण होतं तिथं? लिडियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या, टाळ्यांच्या ठेक्यावर नाचणाऱ्या बायका, गादेस म्हणजे स्पेनमधल्या काडिझच्या झांजा, आणि सिरियन लोकांचे गलका करणारे ताफेच्या ताफे. म्हणजे खुद्द सम्राटाची पार्टी, रोमच्या मध्यावर, आणि नाचगाणं सगळं बाहेरचं. त्यांच्याकडं नाटकाची सुरुवातसुद्धा अशीच झाली. इ.स.पू. ३६४ मध्ये रोममध्ये साथ आली होती, काही केल्या हटेना, तेव्हा देवांना खूश करायला शेजारच्या एट्रुस्कन मुलखातून नाचे बोलावले, ते बासरीसारख्या वाद्यावर नुसते नाचले, गाणं नाही, गोष्ट नाही, आणि रोमन पोरं त्यांची नक्कल करायला लागली. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की तिथून पुढं रंगभूमी वाढली. तेव्हा सरांना म्हटलं, बाहेरचे कलाकार बोलवायचे आणि मग हे आपलं नव्हे म्हणून नाक मुरडायचं, दोन्ही रोमनच.

बँडची गंमत सांगते. बँडवाले वेळेवर आले, लाल कोट, सोनेरी दोऱ्या, डोक्यावर तुरा, मला तर ते चादरवाल्या वेटरांपेक्षा जास्त रोमन दिसले. पण मॅनेजरनं त्यांना सांगितलं की जेवण सगळ्यात शेवटी, पाहुणे गेल्यावर, उरलं तर. दुपारचं एक लग्न वाजवून ते सरळ इकडं आलेले. बँडमास्तर काही भांडला नाही, त्यानं फक्त क्लॅरिनेट खोक्यात ठेवलं आणि सगळे जण पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. नवरा-नवरी गाडीत, दादा घामाघूम, आणि बँड गप्प.

आता ऐका, इ.स.पू. ३११ मध्ये रोममध्ये हुबेहूब हेच झालेलं. देवळात ज्युपिटरच्या उत्सवात वाजंत्र्यांना जेवणाचा मान होता, तो अधिकाऱ्यांनी बंद केला, तर शहरातले सगळे वाजंत्री उठून शेजारच्या टिबुर गावाला निघून गेले. आणि वाजंत्र्याशिवाय तर यज्ञ करताच येत नव्हता! सिनेट हवालदिल. शेवटी टिबुरच्या लोकांनी सणाच्या निमित्तानं त्यांना घरोघरी बोलावून भरपूर दारू पाजली, झोपल्यावर गाड्यांत घातलं आणि रात्रीतून रोमच्या चौकात आणून सोडलं. सकाळी उजाडल्यावर लोकांनी विनवण्या केल्या, जेवणाचा मान परत मिळाला, वर वर्षातून ३ दिवस नटूनथटून गावभर वाजवत हिंडायची मुभा मिळाली. आम्ही दारू वगैरे काही नाही, मी आणि वहिनींनी सरळ आचाऱ्याला सांगून बँडची पंगत आधी बसवली, दोन वाट्या बासुंदी प्रत्येकाला. त्यानंतर त्यांनी जे वाजवलंय ना! व्याहीसुद्धा नाचले. सिसेरो नावाचा रोमन वकील कोर्टात म्हणाला होता की शुद्धीतला माणूस सहसा नाचत नाही, अशिलावर नाच्या असल्याचा आरोप होता तो खोडताना, इ.स.पू. ६३ मधली गोष्ट. आमचे व्याही माळकरी आहेत आणि पूर्ण शुद्धीत होते, त्यामुळं सिसेरोचं तेवढं चुकलं.

बेली डान्सबद्दल मला आधीच धास्ती होती. आमच्या आईनं वय वर्षं ऐंशीच्या पुढं पहिल्यांदाच असलं काही बघितलं, मला जवळ ओढून विचारते, “पोट दुखतंय काय गं तिचं?” सर उठून पाणी प्यायला गेले ते नाच संपल्यावरच आले. पण खरं सांगू का, दोघींचं काम फार नेटकं होतं, ठेका कुठं सुटला नाही, बोटांतल्या छोट्या झांजा इतक्या स्वच्छ वाजत होत्या की डीजेचा आवाज कमी करायला मी स्वतः जाऊन सांगितलं. फक्त मॅनेजरनं त्यांच्या डोक्यावर क्लिओपात्राचा पत्र्याचा नाग लावला होता तो काढायला हवा.

रोमन मेजवान्यांत गाजलेल्या होत्या त्या गादेसच्या नाचणाऱ्या मुली, हातात चिपळ्यांसारखी वाद्यं, कमरेची हालचाल अशी की कवी लोक चघळत बसायचे. धाकटा प्लिनी म्हणून एक रोमन लेखक, त्याचं एक पत्र आहे, मित्राला जेवायला बोलावलं आणि मित्र आलाच नाही. तर प्लिनी चिडून त्याला यादी पाठवतो, माणशी एक लेट्यूसचा गड्डा, ३ गोगलगायी, २ अंडी, बर्फ घातलेली मधाची दारू, आणि करमणुकीला नाटकातला प्रवेश किंवा वाचन किंवा वीणावादन. आणि तू कुठं गेलास, तर कालवं खायला आणि गादेसच्या पोरी बघायला! म्हणजे सुसंस्कृत माणसाची पार्टी ओस आणि नाच असलेली पार्टी फुल, दोन हजार वर्षांत काही बदल नाही. जुने लोक तर म्हणायचे, ही कीड इ.स.पू. १८७ मध्ये आली, मॅन्लियस वल्सो हा सेनापती आशियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानकडं, लढाई जिंकून आला तेव्हा सैन्याबरोबर पितळी पलंग, गालिचे आणि जेवताना तंतुवाद्यं वाजवणाऱ्या बायका घेऊन आला. आचाऱ्यालाही तेव्हापासून भाव आला म्हणे, आधी तो सगळ्यात स्वस्त गुलाम. आणि पुढं जुवेनाल हा टवाळ कवी तर म्हणाला की सिरियाची ओरोंतेस नदीच रोमच्या टायबर नदीत येऊन मिळालीय, बासऱ्या, डफ आणि तिरक्या तारांची वाद्यं घेऊन. सरांनी हे ऐकलं असतं तर त्याला घरी चहाला बोलावलं असतं.

मात्र हे एकतर्फी नव्हतं बरं का. त्या काळात भडोचच्या बंदरात पश्चिमेकडून जहाजं यायची तेव्हा राजासाठी चांदीची भांडी, उंची दारू आणि गाणारी मुलं आणायचे, एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या बंदरांच्या माहितीत हे सरळ नोंदवलंय, आणि त्याच माहितीत आपलं पैठण आणि तेरही आहे, तिथला माल गाड्यांनी भडोचला जायचा. म्हणजे दख्खनचा माल जिथून बाहेर जात होता तिथंच परदेशी गाणं उतरत होतं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या खोदकामात ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे, इथून कोल्हापूर किती लांब आहे, थीम करायच्या आधी मॅनेजर लोकांनी एक चक्कर मारावी, पुतळा कसा असतो ते तरी कळेल.

आता सतारीचं, आणि इथं माझं डोकं सटकलं. मिरजेची सतार म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, २०२४ मध्ये सतार आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, पण आमच्या मांडवात त्या सतारीला स्टेजचा एक कोपरा, तोही स्मोक मशीनशेजारी. वाजवणारा मुलगा पंचविशीचा असेल. डोक्यावर प्लास्टिकच्या पानांचा मुकुट, तो सुरात लावायला खाली वाकला की मुकुट डोळ्यांवर यायचा, दोनदा सरकवला, तिसऱ्यांदा त्यानं तो काढला आणि सतारीच्या वरच्या छोट्या भोपळ्याला अडकवला, बोटातली मिजराब, तारा छेडायची नखी, नीट बसवली आणि यमन सुरू केला. बासरीवाला हळूच मागून आला. पाच मिनिटं, फार तर सहा, मांडवातली बडबड आपोआप कमी झाली. सरसुद्धा पुढच्या रांगेत.

आणि अँकर ओरडला, “चला सांगलीकर, हे काय झोपायला आलाय का? आता फाइट होऊन जाऊ दे! सतार वर्सेस बासरी! कोण जिंकणार?” वर मॅनेजर स्टेजच्या कडेनं दोन्ही मुठी एकमेकांवर आपटून खूण करतोय, भांडा भांडा म्हणून.

मला तिथल्या तिथं ल्युसियस अनिशियस आठवला. हा रोमन सेनापती, इलिरियाचा राजा पकडून आणला, आणि इ.स.पू. १६७ मध्ये विजयाचा जलसा करायचं ठरवलं. सर्कसमध्ये, म्हणजे रथांच्या शर्यतीच्या मैदानात, भलंमोठं स्टेज उभारलं, ग्रीसमधले सगळ्यात नावाजलेले बासरीवाले बोलावले, नाचणाऱ्यांसकट सगळ्यांना एकदमच स्टेजवर चढवलं आणि म्हणाला वाजवा. ते बिचारे वाजवायला लागले, आपल्या पद्धतीनं, नाचाबरोबर, नीट. तर ह्यानं निरोप पाठवला की तुमचं काही जमेना, जरा चुरस दाखवा. ते गोंधळले. चुरस म्हणजे काय करायचं? शेवटी एका शिपायानं हातवारे करून दाखवलं की एकमेकांच्या अंगावर जा, लढाई करा. मग कलाकारांच्याही लक्षात आलं की इथं काय खपतं. निम्मे एका बाजूला, निम्मे दुसऱ्या, वाटेल ते सूर फुंकत एकमेकांवर चाल करून जातायत, परत फिरतायत, पाय आपटतायत, आणि त्यातल्या एका नाच्यानं कपडे खोचून बासरीवाल्यापुढं मुठी वळल्या तेव्हा पब्लिकनं जी टाळी दिली ती दिली! एवढ्यात ४ मुष्टियोद्धे तुताऱ्यांसकट स्टेजवर चढले, सगळा एकच गोंधळ. इतिहासकार पोलिबियस हे सांगताना म्हणतो की पुढं शोकनाट्यवाल्यांचं काय झालं ते सांगायला गेलो तर लोक म्हणतील मी थट्टा करतोय. हा पोलिबियस स्वतः ग्रीक, रोममध्ये ओलीस म्हणून राहिलेला, म्हणजे आपल्या गावच्या थोर कलाकारांची परक्या मांडवात काय गत झाली ते त्याच्या मनाला किती लागलं असेल.

आमच्या सतारवाल्या पोरानं शांतपणे अँकरकडं बघितलं, हसला, आणि झाला, म्हणजे शेवटचं जलद वादन, धरला. बासरीवाल्यानं साथ दिली. फाइट-बिट काही नाही, दोघं एकमेकांकडं बघून वाजवत होते, पुढं कॉलेजची पोरं शिट्ट्या मारतायत ते त्यांच्या गावीही नाही. आणि ऐन रंगात आल्यावर डीजेनं ग्लॅडिएटर एंट्रीचं म्युझिक दाणकन लावलं, कारण काय तर टाइमटेबल.

ग्लॅडिएटर म्हणजे जिमची चार पोरं, फोमच्या तलवारी, एकाची पहिल्याच वारात वाकली. लहान मुलांना सगळ्यात जास्त हेच आवडलं, त्यामुळं मी काही बोलत नाही. एकच सांगते, तेही बाहेरचेच, थ्रेसियन, गॉल, सॅमनाइट अशी त्या लढवय्यांच्या प्रकारांची नावंच मुळी जिंकलेल्या किंवा लढाईत भेटलेल्या परक्या लोकांवरून पडलेली.

शेवटी मुखवटेवाला, आणि साडेचार मार्कांतले निम्मे त्याचे एकट्याचे. हा आमच्या सांगलीचाच, एकांकिका स्पर्धा करणारा पोरगा. कंपनीनं त्याला ऑनलाइन मागवलेला मुखवटा दिला होता, तोंड आ वासलेला. त्यानं आतून त्या तोंडाला पुठ्ठा चिकटवून पांढरा रंग मारला होता. मी नंतर विचारलं का रे, तर म्हणाला, “मॅडम, तोंड उघडं ठेवलं तर लोकं मी कधी बोलतोय याची वाट बघत बसतात.” त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण रोममधल्या मूकनर्तकांचे मुखवटे असेच असायचे, ओठ मिटलेले! एकटा नर्तक, शब्द एक नाही, मागं गाणारे आणि वाजवणारे, पायाखाली ठेका धरायचं लाकडी वाद्य, आणि तोच देव, तोच राजा, तीच बाई. हा प्रकारही बाहेरून आलेला, इ.स.पू. २२ च्या सुमाराला सिलिशियाचा पिलादेस आणि अलेक्झांड्रियाचा बाथिलस ह्या दोघांनी रोममध्ये त्याला जे रूप दिलं त्यानं लोक वेडे झाले. दोघांच्या चाहत्यांत हाणामाऱ्या व्हायच्या, सम्राट ऑगस्टसनं पिलादेसला मध्यंतरी हाकलूनही दिलं होतं, मग परत बोलावलं. पिलादेस त्याला तोंडावर म्हणाला म्हणे, लोक आमच्यात गुंतलेत हे तुमच्याच फायद्याचं आहे.

तर आमच्या पोरानं विषय कुठला घ्यावा? सीता स्वयंवर. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत ते रंगभूमीवर आणलं तिथंच, रोमन मुखवटा घालून, पायात घुंगरू. जनक झाला, रावण झाला, धनुष्य छातीवर पडल्यावर रावणाचे पाय कसे झाडले ते तर बघण्यासारखं होतं, आणि पुढच्याच क्षणाला मान थोडी कलती करून सीता. मुखवटा तोच, पण माझ्याशेजारच्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. आईला अलीकडं ऐकू कमी येतं, अँकरचं, गाण्यांचं तिला काही लागत नव्हतं, पण ह्याचं सगळं कळलं, “आता राम उठतोय बघ,” हे तिनंच मला आधी सांगितलं. निरोच्या दरबारी पाँटसकडचा एक राजपुत्र आला होता म्हणतात, त्यानं असाच नाच बघून जाताना तो नर्तकच भेट म्हणून मागितला, कारण माझे शेजारी वेगवेगळ्या भाषा बोलतात, दुभाषे मिळत नाहीत, हा सगळ्यांना खुणांनी समजावेल. बरोबरच होतं त्याचं.

नाच संपल्यावर टाळ्या आपोआप पडल्या. त्याआधी अख्खी संध्याकाळ अँकर “जोरदार टाळ्या, आवाज येत नाही” करत होता आणि दोन पोरं पुढं फक्त टाळ्या सुरू करायला उभी केलेली, पॅकेजमध्ये ‘क्राउड एनर्जी’ म्हणून त्याचे पैसे वेगळे लावलेत, बिल आल्यावर कळलं. ही कल्पनाही जुनीच, निरोला अलेक्झांड्रियाहून आलेल्या लोकांच्या ठेक्यातल्या टाळ्या इतक्या आवडल्या की त्यानं ५,००० वर तरुण त्या शिकायला लावले, मधमाश्यांसारखा गुंजारव, कौलांचा आवाज, विटांचा आवाज असे टाळ्यांचे प्रकार ठरलेले. तो सम्राट होता, त्याला परवडत होतं. तुम्ही ही लाइन बिलातून काढायला सांगा.

आता शून्य मार्कांचं. कपडे बदलायला कलाकारांना जागा कुठली दिली, तर जनरेटरच्या खोलीशेजारचा पत्र्याचा आडोसा. दोन्ही नाचणाऱ्या पोरींना तिथं एक बल्ब, आरसा नाही. वहिनींनी शेवटी त्यांना नवरीच्या खोलीत नेलं, तर आमच्याकडच्याच एका बाईंची कुजबुज, नवरीच्या खोलीत कशाला म्हणून. पाहिजेत सगळ्यांना, पण लांबून. रोमन लोकही अगदी असेच. इ.स.पू. २०४ मध्ये कार्थेजच्या हॅनिबल सेनापतीशी चाललेली लढाई अंगाशी आली तेव्हा आशियातून सिबेली देवीला मोठ्या मानानं आणलं, तिचा सण एप्रिलात थाटात करायचे, तिचे पुजारी डफ-झांजा-बासऱ्या वाजवत गावभर फिरायचे, आणि त्याच वेळी कायदा असा की रोमन नागरिकानं स्वतः त्या रंगीत झग्यात वाजवत फिरायचं नाही. नट म्हणजे कायद्यानंच कमी प्रतीचा माणूस, सिनेटरच्या घरातल्यांनी नटाशी लग्न करायचं नाही असा कायदा ऑगस्टसनं इ.स.पू. १८ मध्ये केला. लाबेरियस नावाचा एक सरदार दर्जाचा साठीचा गृहस्थ, प्रहसनं लिहायचा, लिहिण्याला कुणाची हरकत नव्हती, पण सीझरनं त्याला स्टेजवर उभं राहायला लावलं आणि त्याचा दर्जा गेला. मग सीझरनंच ५ लाख नाणी आणि सोन्याची अंगठी देऊन तो परत केला. आमच्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, कुलकर्ण्यांच्या घरातले, तमाशात गेले तेव्हा त्यांना घरादारानं, जातीनं काय ऐकवलं हे इथं सगळ्यांना माहीत आहे. त्यांना अंगठी कुणी दिली नाही.

मॅनेजरला मी हे सगळं बोलले नाही, एवढंच म्हटलं, तुमच्या खांबांना वाऱ्यासाठी बांबूचा आधार मिळतो आणि माणसांना बसायला खुर्ची मिळत नाही. तो म्हणाला, “मॅडम, रेटमध्ये बसत नाही.” तोच रेट उलगडून बघितला तर निम्म्याहून जास्त पैसे डेकोरेशनचे, आणि पाचही कलाकृती मिळून जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणून म्हणते, ज्यांना हे पॅकेज घ्यायचं आहे त्यांनी खांब निम्मे करा.

जेवण ठीक. पास्ताच्या लाल सॉसला ‘अस्सल रोमन’ अशी पाटी होती, टोमॅटो अमेरिकेतून आला तेव्हा रोमन साम्राज्य कधीच बुडालेलं, पण चव बरी होती. बासुंदी उत्तम.

घेणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. कार्यक्रमाचा क्रम तुम्ही ठरवा, सतार आणि मुखवटेवाला आधी घ्या, कारण १० नंतर स्पीकर बंद करावाच लागतो आणि मॅनेजर लोक उशीर झाला की कात्री आधी ह्यांनाच लावतात, आमच्याकडं मुखवटेवाल्याची पंधरा मिनिटं वाचली ती दादा डीजेच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला म्हणून. कलाकारांचं जेवण आणि खोली लेखी घ्या. अँकर नको म्हणून सांगता येतं, पैसेही थोडे कमी होतात. आणि त्यांचा हिशेब शक्य असेल तर त्यांच्या हातात द्या, आम्ही सतारवाल्या मुलाला निघताना वेगळं पाकीट दिलं तेव्हा कळलं की त्याचे मागच्या कार्यक्रमाचेच अजून यायचे आहेत.